तिसऱ्या इमानातली बंदूक

मालवणजवळच्या कट्टा गावाच्या बाजारात एक अख्खा पावसाळा माझ्यावर बंदूक चोरल्याचा आळ होता. बंदूक खरी नव्हती. तळहाताएवढ्या एका यंत्राच्या पडद्यावर तांदळाएवढं विमान होतं, त्या विमानाच्या नाकावर ती असायला हवी होती, आणि ती तिथे नव्हती. एवढंच प्रकरण. पण त्यापायी मला देवासमोर उभं राहावं लागलं.

एसटी स्टॉपसमोर माझं दुरुस्तीचं दुकान होतं. आयटीआयला रेडिओ-टीव्हीच्या वर्गात मी एकटी मुलगी, तिथून बाहेर पडले ती थेट या दुकानात, आणि पुढची चाळीस वर्षं तारांना कथलाचे डाग देण्याच्या धुरात काढली. आता गुडघ्यांनी राजीनामा दिला म्हणून शटर ओढलं. दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर घरच्यांना वाटलं, मी रेडिओपासून सुरुवात करून मोबाइलपर्यंत येईन. पण रेडिओत सांगण्यासारखं काही घडलं नाही. तो बंद पडायचा आणि मी तो चालू करायची.

बाहेरच्यांना वाटतं की आमच्या कामात यंत्र उघडणं कठीण असतं. तसं नाही. मालवणपट्ट्यात निम्मे बिघाड मिठाचे असतात. खारी हवा आत शिरते, तांब्यावर हिरवा गंज चढवते, तो खरवडला की झालं. कठीण असतं ते गिऱ्हाइकाच्या बोलण्यातून खरा बिघाड वेगळा काढणं. वालावलचे एक गृहस्थ भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ घेऊन आले होते. त्यांची तक्रार अशी, की बायको माहेरी गेली की घड्याळ बरोबर चालतं आणि ती परतली की मागे पडतं. घड्याळं माझ्या शाखेतली नव्हेत, पण मी चौकशी केली. बाई रोज न चुकता घड्याळ पुसत आणि पुसून झाल्यावर ते वाकडं टांगत. मी गृहस्थांना म्हटलं, एक खिळा जास्त मारा. ते नाराज झाले. त्यांना बहुतेक दुसरं काही निदान हवं होतं.

अशा निदानांवर माझा हात बसला होता, म्हणजे तसा माझा समज होता. 'मला माहीत नाही' हे तीन शब्द मी दुकानात कधी उच्चारले नव्हते. तांडेलकाकांच्या बाबतीत ते उच्चारले असते तर पुढचं सगळं टळलं असतं.

तांडेलकाका मालवणच्या किनाऱ्यावरचे. स्वतःची होडी, वय पासष्टीच्या पुढे, हाताचे पंजे वल्ह्याच्या पात्यासारखे रुंद. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून ठेवलेल्या, जाळी विणून संपलेली, आणि आयुष्यभर पहाटे उठलेल्या माणसाला काय करावं ते सुचत नाही. त्यांचा भाचा जहाजावर नोकरीला. त्याने मामांना वेळ घालवायला हातात धरून खेळायचं एक यंत्र आणून दिलं, आणि त्याबरोबर नखाएवढं एक कार्ड. त्या कार्डात खेळ होता. खेळाचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, ते कुणालाच धड घेता येईना, म्हणून वाडीत त्याचं नाव पडलं 'इमान'. आमच्याकडे विमानाला इमान म्हणतात.

पहिला इमान समजायला सोपा होता. काळ्या आकाशात खाली तुमचं विमान, वरून शत्रूची विमानं येणार, बटण दाबलं की गोळी सुटणार. मारा किंवा मरा. दोन वर्षांनी दुसरा इमान आला. तोही तसाच, फक्त शत्रू जास्त आणि रंग भडक. वाडीतल्या जाळ्यांच्या खोपीत पाच-सहा वयस्क पुरुष आळीपाळीने तो खेळत आणि कुणाचे किती गुण झाले ते होडीच्या फळीवर खडूने लिहीत. सगळ्यात वरती तांडेलकाकांचं नाव. ते खेळायचे उभं राहून, गुडघे वाकवून, भरलेलं जाळं ओढावं तसे. गोळीचं बटण त्यांच्या अंगठ्याखाली एक पावसाळा टिकायचं. दर वर्षी जूनमध्ये ते एसटीने कट्ट्याला यायचे आणि मी त्यांना नवीन बटण बसवून द्यायची.

मग भाच्याने तिसरा इमान पाठवला.

त्या वर्षी काका महिनाभर उशिरा आले. यंत्र तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेलं. काउंटरवर ठेवून म्हणाले, "बाय, बंदूक बंद पडली."

"बटन गेला आसतला, काकानू," मी म्हटलं.

यंत्र चालू केलं. आधी दुसरा इमान लावून बटण दाबलं, गोळी सुटली. तिसरा लावला, बटण दाबलं. विमानाच्या नाकातून केसासारखी एक बारीक दोरी बाहेर आली, थोडी लोंबकळली आणि परत आत गेली.

"बघ," काका म्हणाले. "ह्या असा करता."

इथे मी ते तीन शब्द म्हणायला हवे होते. त्याऐवजी मी चष्मा वर सरकवून म्हटलं, "होय, होता असा कधी कधी. ठेवन जावा."

असं कधीच होत नाही. पण हातात स्क्रू ड्रायव्हर असला की माणसाला आपल्याला सगळं कळतं असं वाटू लागतं. मी बटण बदललं. दोरीच येत राहिली. कार्डाचे पितळी दात स्पिरिटने पुसले. दोरी. पडद्याची पट्टी काढून पुन्हा बसवली. दोरी. शेवटी आमच्या धंद्यातला ठेवणीतला उपाय केला. यंत्र कारखान्यातून आलं होतं तसं करून टाकायचं, त्याच्या पोटातलं सगळं पुसून. नव्वद टक्के वेळा याने काम होतं. राहिलेल्या दहा टक्क्यांत काय होतं ते गिऱ्हाईक घरी गेल्यावर कळतं.

चार दिवसांनी काका आले. त्यांनी यंत्र चालू केलं आणि पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"ह्या सगळा पयल्यापासून झाला?" त्यांनी विचारलं.

"एकदम नवीन करून दिलंय," मी ऐटीत म्हटलं.

त्यांनी बटण दाबलं. दोरी आली. त्यांनी यंत्र बंद केलं, तीन पिशव्यांत पुन्हा गुंडाळलं आणि इतक्या हळू आवाजात म्हणाले की मला पुढे वाकावं लागलं, "माझी बंदूक खय आसा ती माका परत दी गो बाय." आणि उत्तराची वाट न बघता समोरच्या एसटीत जाऊन बसले.

त्यांची बायको पारूकाकी बाजारात मासे विकायला यायची. पावसाळ्यात सुके बांगडे आणि सुकट. तिची बसायची जागा माझ्या दुकानाच्या बरोबर समोर, आणि आवाज असा की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या भाजीवालीला भाव कळावा. दुसऱ्या दिवशी तिने गिऱ्हाइकाला बांगडे मोजून देताना सांगितलं, "माझो घोव जेवक नाय कालपासून. तेच्या इमानातली बंदूक गेली. हयच दिली होती दुरुस्तीक."

'हयच' म्हणताना तिने हातातल्या बांगड्याने माझ्या दुकानाकडे बोट दाखवलं. म्हणजे बांगडा दाखवला.

आठवड्याभरात गोष्ट पिकली. कट्ट्याची बाय यंत्र उघडते आणि आतलं काहीतरी काढून ठेवते. कुणाच्या मोबाइलमधली घंटी गेली होती, ती मीच काढली. कुणाच्या टीव्हीचा निळा रंग गेला, तोही माझ्याकडेच. मिक्सर घेऊन आलेल्या एक शिक्षिका, शिकलेल्या बाई, मला म्हणाल्या, "भांडं घट्ट बसत नाही एवढंच आहे. बाकी आत जे जे आहे ते राहू द्या." एक गृहस्थ खुर्ची घेऊन माझ्या शेजारीच बसले आणि मी काढलेला एकेक स्क्रू स्वतःच्या मुठीत धरून राहिले. घामाने त्यातला एक त्यांच्या तळहाताला चिकटला, तो आम्ही दोघांनी अर्धा तास जमिनीवर शोधला.

आमचे हे शाळेत कारकून होते. घरीसुद्धा अर्ज लिहिल्यासारखं बोलायचे. ते म्हणाले, "गैरसमज लेखी स्वरूपात दूर करावा."

त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात पाटी रंगवून दिली: 'येथे दुरुस्तीसाठी आलेल्या वस्तूंमधून काहीही काढून घेतले जात नाही.' ती मी दारावर लावली. त्या दिवसापर्यंत ज्यांच्या कानावर गोष्ट गेली नव्हती, त्यांनाही ती पाटीमुळे कळली.

मग निरोप आला. तांडेलकाका गावच्या देवळात देवाला कौल लावणार होते. बंदुकीचं काय झालं ते देवालाच विचारायचं. मी यावं अशी इच्छा होती, सक्ती नव्हती. आमच्याकडे असं सांगितलं की जावंच लागतं.

बाहेरच्यांसाठी सांगते. देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतात. गुरव सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. शेताची हद्द, सोयरीक, हरवलेली म्हैस, सगळे प्रश्न असेच सुटतात. मीही त्या देवाला मानते. म्हणूनच घाम फुटला होता.

देवळात वीस-बावीस माणसं जमली होती. गुरव पन्नाशीचे, अत्यंत गंभीर. त्यांनी हात जोडून सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुझो तांडेल तुझ्या पायाकडे इलो आसा..."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"तेच्या इमानात एक बंदूक होती, ती आता दिसना नाय..."

"व्हय म्हाराजा!"

"ती बंदूक..." गुरव थांबले. काकांकडे वळले. "तांडेलानू, इमान म्हणजे नेमक्या काय?"

काकांनी पिशव्या सोडून यंत्र त्यांच्या हातात दिलं. गुरव म्हणाले, "देवाक सांगूचा आसा तर आधी माका कळाक व्हया." आणि ते तिथेच फरशीवर मांडी घालून बसले. काकांनी त्यांना आधी दुसरा इमान लावून दिला. गुरव चार वेळा मेले, पाचव्या वेळी त्यांना जमायला लागलं. बावीस माणसं हात जोडून उभी. समई मंद झाली, कुणीतरी तेल घातलं. मग काकांनी तिसरा लावला. गुरवांनी बटण दाबलं, दोरी आली. त्यांनी भुवया वर केल्या.

"बंदूक होती तेवा तुमी काय करी होतास?"

"मारी होतंय," काका म्हणाले.

"कोणाक?"

"समोर येयत तेका."

"आणि आता?"

काका पिशव्यांच्या घड्या घालू लागले.

गुरवांनी यंत्र देवासमोर ठेवलं, पाकळ्या लावल्या आणि विचारलं, बंदूक ह्या बायच्या हातून गेली काय? पाकळी पडली नाही. उजवी नाही, डावी नाही. पुन्हा गाऱ्हाणं, पुन्हा प्रश्न. नाही. तिसऱ्यांदाही दोन्ही पाकळ्या पाषाणाला घट्ट. असं क्वचित होतं. गुरवांनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "देवाक प्रश्न कळलो नाय."

मग माझ्याकडे वळले. "बाय, तू ह्यो खेळ खेळलंस काय कधी?"

इतक्या वर्षांत मी अशी शेकडो यंत्रं उघडली होती. खेळले एकही नव्हते. त्यांच्या पोटात काय असतं ते मला पाठ होतं. माणसं ती हातात घेऊन काय करतात, हे बघायची गरजच वाटली नव्हती.

"नाय," मी म्हटलं.

"मगे खेळ," गुरव म्हणाले, "आणि कळला काय माका पण सांग."

काकांनी यंत्र माझ्याकडे दिलं. मी ते दुकानात आणलं आणि दुसऱ्या दिवसापासून भर दुकानदारीच्या वेळेत खेळायला लागले. तसंही गिऱ्हाईक उरलं नव्हतं.

पहिले दोन दिवस मी नुसती बटणं दाबत होते. आकाशात दुसऱ्या इमानातलीच शत्रूची विमानं होती, पण ती अंगावर येत नव्हती. कुणाचं शेपूट तुटलेलं, कुणाचं इंजीन काळं पडलेलं, नुसती तरंगत होती. तिसऱ्या दिवशी माझी दोरी चुकून एकाला अडकली. मी घाबरून बटण सोडलं नाही, तर ते विमान माझ्या मागून येऊ लागलं. पडद्याच्या कडेला एक छोटा गोळा चमकत होता, तिथपर्यंत ते आलं, तेव्हा त्याचे दिवे लागले. कोपऱ्यात आकडा उमटला: एक. खाली बारीक अक्षरात: बाकी एकेचाळीस.

मी यंत्र काउंटरवर ठेवलं. बंदूक बिघडलेली नव्हती. या खेळात बंदूक नव्हतीच. खेळ करणाऱ्यांनी तिसऱ्या खेपेला सगळं उलटं केलं होतं. आधीच्या दोन खेळांत ज्यांना पाडलं, त्यांना आता एकेक करून त्यांच्या घरी ओढत न्यायचं. कुणी सांगितलं नव्हतं, खोक्यावरही लिहिलं नव्हतं. तसंच विमान, तसाच काळा पडदा, तेच बटण. बिचाऱ्या माणसाने काय समजायचं?

दुसरं विमान आणताना माझी दोरी सात वेळा तुटली. पारूकाकी सुकटीची पाटी दुकानाच्या पायरीवर ठेवून माझ्या खांद्यावरून बघत होती, ते मला माहीतच नव्हतं.

"अगो, खेचू नको तसा!" ती ओरडली. "ढील दी. तेका जरा फिरांदे. आता हळू घे. हळू गो!"

विमान आलं. मी मान वळवून तिच्याकडे बघितलं. "काकी, तुमका कसा म्हायत?"

"घरात म्हयनोभर बघतंय मां," ती म्हणाली. "सकाळी चाय घेवन बसलो काय संध्याकाळपर्यंत ह्याच. चाळीस नि एक इमाना हाडलेली तेना. एकच ऱ्हवला होता. तेच्या भोवती दगड फिरतत, दोरी तुटता. म्हणाक लागलो, बंदूक चालू झाली तर दगड फोडून काढतंय. म्हणान तुझ्याकडे घेवन इलो."

बाहेरच्यांसाठी, हाडणं म्हणजे आणणं. मला पहिल्यांदा नीट कळलंच नाही. "म्हणजे बंदूक बंद आसा असा समजानच तेंनी एकेचाळीस हाडली?"

"मगे? बंदूक बंद पडली म्हणान बसान ऱ्हवतत काय? दोरयेर भागवल्यान."

मी खुर्चीत मागे टेकले. इंजीन बंद पडलं तर शिडावर भागवायचं, शीड फाटलं तर वल्ह्यावर. या माणसाने एक संपूर्ण खेळ बिघडलेला समजून, तक्रार न करता, हाताशी राहिलेल्या दोरीवर शेवटच्या विमानापर्यंत नेला होता. एका शेवटच्यासाठी माझ्याकडे मदत मागायला आला. आणि मी सगळंच पुसून टाकलं. एकेचाळीसच्या एकेचाळीस परत आकाशात, इंजिनं बंद पडलेली.

"तेंनी माका सांगूक नाय," मी म्हटलं.

पारूकाकीने पाटी डोक्यावर घेतली. "तू इचारलंस?"

त्या दुपारी दुकान बंद करून मी एसटीने मालवणला गेले. जाळ्यांच्या खोपीत पाच-सहा जण बसले होते. काका फळीवर, हातात काही नाही. सगळ्यांसमोर सांगायचं ठरवून आले होते, कारण आळही सगळ्यांसमोरच आला होता.

"काकानू, ह्या इमानात बंदूक नाय. पयल्यापासूनच नाय. माका कळला नाय आणि कळला नाय ह्या मी सांगूक नाय. आणि तुमची एकेचाळीस इमाना माझ्या हातान पुसली गेली."

होडीच्या फळीवर खडूने लिहिलेले दुसऱ्या इमानाचे आकडे होते, वरती काकांचं नाव. तो विक्रमही मी यंत्रातून पुसला होता. त्याबद्दल काका तेव्हाही काही बोलले नाहीत आणि नंतरही कधी नाही.

"माका म्हायत होता," ते म्हणाले. "पुसला ता त्याच दिवशी दिसला माका."

"मगे बंदूक बंदूक कित्याक म्हणी होतास? माझा नाव गेला बाजारात. देवासमोर उभी ऱ्हवलंय मी."

काकांनी आजूबाजूच्या माणसांकडे एकदा बघितलं. "बंदूक गेली म्हटला तर लोकांका कळता," ते म्हणाले. "शत्रूची एकेचाळीस इमाना घराक पोचवलेली, ती गेली, म्हणान जेवण जायना नाय, ह्या मी कोणाक सांगतलंय?"

खोपीतल्या कुणीच हसलं नाही. एकाने फक्त विचारलं, "एकेचाळीस? दोरयेर?" काकांनी मान हलवली. त्याने बिडी विझवली आणि सरकून काकांना टेकायला जागा करून दिली.

मी यंत्र पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही. "समुद्र उघडाक आठ दिवस ऱ्हवले. माका आता वेळ नाय. तू पुसलंस, तूच हाड."

मला वाटलं, रागाने बोलतायत. पण नाही, तो व्यवहार होता. दुसऱ्याची होडी हातून बुडाली तर ती आपणच वर काढायची, इतका साधा.

अशा रीतीने वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, मिक्सर आणि इस्त्र्या बाजूला सारून, मी शत्रूची विमानं ओढायला बसले. संपूर्ण हिवाळा आणि उन्हाळा. बाजाराच्या दिवशी पारूकाकी समोरून हाक मारायची, "किती झाली गो?" आणि मी शटरमधून ओरडायची, "तेवीस!" गिऱ्हाइकं परत येऊ लागली, पण ती थांबून राहत आणि सल्ले देत. मिक्सरवाल्या शिक्षिका एकदा म्हणाल्या, "डावीकडचं आधी घ्या, ते जास्त वेळ थांबणार नाही असं वाटतं." आमचे हे एका वहीत दोरी किती वेळा तुटली त्याची नोंद ठेवू लागले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. गुरव एकदा मुद्दाम आले, बघितलं, आणि "असा आसा तर" एवढंच म्हणून गेले.

पुढच्या पावसाळ्यात होड्या वर ओढल्या गेल्या तेव्हा माझी एकेचाळीस पूर्ण झाली होती. बेचाळिसावं विमान दगडांच्या कड्यात होतं. मी त्याला हात लावला नाही. काका आले, पारूकाकी आली, मी यंत्र काकांच्या हातात दिलं.

या वेळी ते उभे राहिले नाहीत. स्टुलावर बसले, दोरी टाकली, ती त्या विमानाला अडकली, आणि मग त्यांनी काहीच केलं नाही. ओढ नाही, ढील नाही. दगड फिरत होते. मला वाटलं त्यांना डुलकी लागली. खाडीच्या तोंडावर भरतीची वाट बघत होडी धरून ठेवतात, तसे बसले होते. गेल्या वर्षी त्यांना वाटत होतं की बंदूक असायला हवी, म्हणून घाई होती. आता ती नाहीच म्हटल्यावर घाई कसली. दगडांत एक फट पडली. त्यांचा अंगठा जेमतेम हलला. विमान बाहेर आलं, मागोमाग चालू लागलं आणि गोळ्यापाशी जाऊन त्याचे दिवे लागले.

पडदा एकदम पांढरा झाला. मग पुन्हा काळा. त्यात काकांचं विमान एकटं. काकांनी सवयीने बटण दाबलं.

गोळी सुटली.

आम्ही तिघंही दचकलो. काकांनी पुन्हा दाबलं. पुन्हा गोळी. खेळ करणाऱ्यांनी बंदूक शेवटी परत दिली होती. वर, खाली, कुठेच कुणी नव्हतं. गोळ्या सरळ वर जात होत्या आणि पडद्याबाहेर निघून जात होत्या.

"चलता," काका म्हणाले. "बरी चलता." आणि त्यांनी यंत्र बंद केलं.

पारूकाकीने तेवढंच ऐकलं, आणि तेवढंच बाजारात सांगितलं. महिन्याभरात जिकडेतिकडे झालं, की कट्ट्याच्या बायने बंदूक परत बसवून दिली. मी खुलासा करायचा प्रयत्न केला, पण खुलाशांचा माझा अनुभव काही बरा नव्हता.

त्यानंतर एके दिवशी जामसंड्याहून एक गृहस्थ आले, दोन एसट्या बदलून, घामाघूम. इकडेतिकडे बघून त्यांनी खिशातून तसंच यंत्र काढलं, आत तिसरा इमान. दबक्या आवाजात म्हणाले, "बाय, माझ्याक पण बंदूक बशवन व्हयी."

स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातातच होता. मी तो खाली ठेवला, त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं आणि विचारलं, "किती हाडलास आतापर्यंत?"

त्यांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "सोळा. पण कोणाक सांगा नको."

"मशीन बरा आसा," मी म्हटलं. "उघडाची गरज नाय. सव्वीस ऱ्हवली, ती हाडा आणि मगे येवा."